बॅग तपासली, पण फोन का उघडायला लावला?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये दहावीत आहे, वय १५. बाथरूममध्ये मुलं व्हेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगरेट, ओढतात आणि त्यांत हाही असतो, असं गेल्या आठवड्यात कुणीतरी ऑफिसात जाऊन सांगितलं. असिस्टंट प्रिन्सिपलनी त्याला वर्गातून बोलावून घेतलं आणि बॅकपॅक टेबलावर रिकामा केला. काही सापडलं नाही. मग खिसे उलटे करायला लावले, बूट काढायला लावले. तिथेही काही नाही. मग "फोन अनलॉक कर" म्हणाले आणि वीस मिनिटं त्याचे मेसेज आणि फोटो चाळत बसले. शाळेत नेमलेला पोलिस तेवढा वेळ दाराशी उभा होता. शेवटी मुलाकडून एक कागद लिहून घेतला. त्यात दोन मित्रांची नावं आहेत आणि "मी एकदा ओढून बघितलं" हे वाक्यही. तुम्हाला शाळेचा फोन आला तो तीन वाजता, सगळं उरकल्यावर. तुम्ही विचारताय, हे कायद्यात बसतं का? आणि तुमचे मिस्टर म्हणतात, आपण व्हिसावर आहोत, गप्प बसलेलं बरं. ते बरोबर आहे का?

मी गेली २१ वर्षं सेंट्रल न्यू जर्सीत मुलांच्या केसेस चालवते, शाळेच्या शिस्तीच्या आणि फॅमिली कोर्टातल्याही. तरीही इथे मी तुमची वकील नाही, आणि माझ्यासमोर फक्त तुमची बाजू आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

"झडती कायदेशीर होती का" याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण तुमच्या मुलाची झडती एकदा झालेली नाही. बॅगची झाली, अंगावरची झाली, फोनची झाली, आणि त्यावर जबाब घेतला गेला. यातल्या प्रत्येक पायरीला तिचं स्वतःचं कारण लागतं. पहिल्या पायरीचं कारण घेऊन चौथ्या पायरीपर्यंत चढता येत नाही. पालक भेटायला येतात तेव्हा सगळ्या प्रकाराबद्दल एकदम चिडलेले असतात. शाळा मग त्यातली सगळ्यात साधी पायरी, म्हणजे बॅग, पुढे करते आणि "हा तर आमचा अधिकार आहे" म्हणून मोकळी होते. म्हणून आधी पायऱ्या सुट्या करू.

आज अमेरिकेतली प्रत्येक सरकारी शाळा ज्या निकालावर चालते, तो तुमच्या शेजारच्या गावातून आलेला आहे. १९८० साली पिस्कॅटवे हायस्कूलमध्ये एका शिक्षिकेने दोन मुलींना बाथरूममध्ये सिगरेट ओढताना पकडलं. एकीने कबूल केलं. दुसरी, १४ वर्षांची, म्हणाली मी सिगरेट ओढतच नाही. असिस्टंट व्हाइस प्रिन्सिपलनी तिची पर्स उघडली तर वरच सिगरेटचं पाकीट. ते उचलताना गांजा वळायला वापरतात तसले कागद दिसले. तेव्हा त्यांनी पर्स आणखी आत तपासली आणि थोडा गांजा, एक पाइप, एक-एक डॉलरच्या बऱ्याच नोटा आणि कुणाकडून पैसे यायचे आहेत त्या मुलांची यादी निघाली. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने ही झडती बेकायदा ठरवली. पण १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या, म्हणजे देशाच्या, सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. कोर्टाच्या नोंदीत त्या मुलीची फक्त आद्याक्षरं आहेत, म्हणून खटला 'न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ.' या नावाने ओळखला जातो.

मुलगी हरली, एवढंच लोक लक्षात ठेवतात. पण त्याच निकालात कोर्टाने शाळांचाही एक मोठा दावा फेटाळला. शाळांचं म्हणणं होतं, शिक्षक आईवडिलांच्या जागी असतात, तेव्हा घटनेची चौथी दुरुस्ती, म्हणजे सरकारला वाटेल तशी झडती घेऊ न देणारं कलम, आम्हाला लागूच नाही. कोर्ट म्हणालं, लागू आहे. सरकारी शाळेचा अधिकारी हा सरकारचाच माणूस. मात्र त्याला पोलिसांसारखं वॉरंट लागत नाही, पोलिसांना लागतो तितका भक्कम आधारही लागत नाही. त्याला दोन गोष्टी पुरतात: सुरुवात करायला वाजवी संशय हवा, आणि झडती त्या संशयाच्या मापाची हवी. मुलाचं वय, तो मुलगा आहे की मुलगी, आणि गुन्हा किती मोठा, हे बघून अंगावर येईल इतकी ती नसावी. तुम्ही-मी जिथे वाढलो तिथे सरांनी दप्तर उलटं केलं तर घरी सांगायची सोय नव्हती, घरी आणखी दोन बसायच्या. त्या सवयीने आपले बरेच पालक इथेही शाळेसमोर मान खाली घालतात. इथला कायदा वेगळा आहे.

आता तुमच्या मुलाच्या पायऱ्या बघू.

बॅग. इथे शाळेची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे, हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. "हा मुलगा बाथरूममध्ये व्हेप ओढतो" असं ओळखीच्या विद्यार्थ्याने स्वतः बघून आणि आजचं सांगितलं असेल, तर बॅगमध्ये बघायला ते बहुधा पुरेल. कुणीतरी निनावी चिठ्ठी टाकली असेल, किंवा "तो त्या ग्रुपमध्ये असतो" इतकंच कानावर आलं असेल, तर मात्र संशय पातळ होतो. ही माहिती आज तुमच्याकडे नाही. ती मागायची आहे, कशी ते पुढे सांगते.

खिसे आणि बूट. बॅगमध्ये काही नाही, म्हणून खिशात बघितलं. व्हेप बोटाएवढं असतं, खिशात मावतं, त्यामुळे हेही ओढूनताणून बसतं. न्यू जर्सीत शाळेच्या कोणाही माणसाने विद्यार्थ्याचे कपडे उतरवून झडती घ्यायला कायद्याने सरळ बंदी आहे, कारण काहीही असो. पण बूट काढायला लावणं त्या बंदीत बसवणं अवघड आहे. पत्रात त्यावर जोर देऊ नका, नाहीतर तुमचा खरा मुद्दा बाजूला पडेल.

इथे ॲरिझोनाच्या सॅफर्ड गावातला खटला आठवतो. २००३ मध्ये तिथल्या मिडल स्कूलमध्ये १३ वर्षांची एक मुलगी इतरांना गोळ्या देते असा संशय आला. गोळ्या कसल्या, तर दुखण्यावरच्या, आयब्युप्रोफेन. बॅग तपासली, काही नाही. मग नर्सच्या खोलीत नेऊन तिचे कपडे अंतर्वस्त्रांपर्यंत उतरवले आणि तीही ओढून झटकायला लावली. तरी काही नाही. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बॅग आणि वरचे कपडे इथवर ठीक होतं, त्यापुढचं घटनाबाह्य होतं. त्या गोळ्यांनी कुणाच्या जिवाला धोका नव्हता, आणि तिने त्या अंतर्वस्त्रांत लपवल्या असतील असं मानायला काही आधारही नव्हता. या निकालातून मी पालकांना नेहमी एकच सांगते: आधीच्या पायरीवर काही मिळालं नाही, तर पुढची पायरी चढायला जास्त कारण लागतं. तुमच्या शाळेने नेमकं उलट केलं. काही मिळालं नाही म्हणून ते खोल खोल जात राहिले.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक आजी आणि त्यांचा १४ वर्षांचा नातू आले होते. शाळेत त्याची बॅग अशीच टेबलावर उलटी केलेली. स्टीलचा डबा, आलेखाचा कॅल्क्युलेटर, आणि एक छोटी झिपलॉक पिशवी. तिच्यात भाजलेला ओवा आणि सैंधव. पोटात दुखलं की चिमूटभर खा म्हणून आजींनी दिलेली. अधिकाऱ्याने पिशवी उघडून वास घेतला आणि हे काय म्हणून विचारलं. पोराला ओव्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ गुन्हा असा लावला गेला. त्याला त्याच दिवशी लघवीच्या तपासणीला पाठवलं. पिशवी बघून प्रश्न विचारायला कारण होतं, ते मी बैठकीतही मान्य केलं. पण मुलगा नशेत असल्याची एकही खूण कुणी नोंदवलेली नव्हती, आणि घरी एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. आजींनी बैठकीला ओव्याची बरणी आणली होती. झाकण काढलं तसा खोलीभर वास पसरला, आणि पुढचं सगळं सोपं झालं. त्याच्या फाइलमधून ती नोंद काढून घ्यायला तरी पाच आठवडे लागले.

आता फोन. तुमच्या तक्रारीचं वजन खरं इथे आहे.

व्हेप फोनमध्ये लपवता येत नाही. फोन उघडायचा तर फोनमध्येच काहीतरी सापडेल असं मानायला वेगळं कारण लागतं. समजा, "तो स्नॅपचॅटवर व्हेप विकतो, आज सकाळीच मला मेसेज केला" असं कुणी सांगितलं असेल, तर तो मेसेज बघायला कारण आहे. तेव्हाही बघायचा तो मेसेज. घरच्यांचे फोटो, आजोबांच्या आजारपणाबद्दलचा कौटुंबिक ग्रुप, मैत्रिणीशी झालेलं बोलणं यांचा त्याच्याशी काय संबंध? २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं की अटक केलेल्या माणसाचाही फोन पोलिसांनी वॉरंटशिवाय उघडायचा नाही, कारण फोनमध्ये माणसाचं सगळं आयुष्य असतं. तो निकाल पोलिसांबद्दल आहे, शाळेला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण फोनला कंपासपेटीसारखं वागवता येत नाही, ही जाणीव तेव्हापासून सगळ्या कोर्टांत मुरली आहे.

शाळेतल्या फोनबद्दल आपल्या बाजूचे दोन निकाल मी पत्रात नेहमी घालते. पेनसिल्व्हेनियातल्या नॅझरेथच्या एका शाळेने वर्गात दिसलेला फोन जप्त केला, इथवर बरोबर. पण मग त्यातले मेसेज वाचले आणि यादीतल्या इतर मुलांना फोन लावून बघितले. २००६ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने फोन घेणं आणि फोन धुंडाळणं यांत फरक केला आणि विद्यार्थ्याची तक्रार पुढे चालू दिली. दुसरा २०१३ चा, केंटकीतल्या ओवेन्सबरोचा. त्या मुलाने पूर्वी नशा केल्याचं, आत्महत्येचे विचार येत असल्याचं शाळेला माहीत होतं. तरी केवळ वर्गात मेसेज करताना सापडला म्हणून त्याचा फोन वाचायला पुरेसं कारण नव्हतं, असं अपील कोर्टाने सांगितलं. हे निकाल न्यू जर्सीच्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत. पण शाळेचा वकील ते वाचतो आणि त्याला त्यांचं वजन कळतं.

शाळा म्हणेल, "मुलाने स्वतःच अनलॉक करून दिला." १५ वर्षांचा मुलगा, समोर असिस्टंट प्रिन्सिपल, दाराशी कमरेला पिस्तूल लावलेला पोलिस, आणि "नाही म्हणू शकतोस" असं कुणी सांगितलेलं नाही. याला मनापासून दिलेली संमती म्हणणं कठीण आहे, आणि हे पत्रात असंच, न चिडता लिहायचं.

त्या पोलिसाबद्दल. तो नुसता उभा होता, की त्याने प्रश्न विचारले? की त्याच्या सांगण्यावरून फोन उघडला? यावर पुष्कळ अवलंबून आहे. पिस्कॅटवेच्या निकालातली सवलत शाळेला स्वतःच्या कामासाठी मिळालेली आहे. पोलिसांच्या वतीने शाळेने झडती घेतली तर काय, हा प्रश्न कोर्टाने त्या वेळी मुद्दाम उघडा ठेवला होता. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका १३ वर्षांच्या मुलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने असंही सांगितलं की पोलिसांनी शाळेत चौकशी केली तेव्हा मुलाला उठून जायची मोकळीक होती का, हे ठरवताना त्याचं वय धरायलाच हवं. तेव्हा मुलाला शांतपणे विचारा: खोलीत कोण कुठे बसलं होतं, दार बंद होतं का, प्रश्न कुणी विचारले, कागद लिही असं कोण म्हणालं.

आणि तो कागद. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. झडतीत काही सापडलं नाही, आणि आज मुलाच्या विरुद्ध जे काही आहे ते त्यानेच लिहून दिलेलं आहे. झडती बेकायदा ठरली तर फॅमिली कोर्टात, जिथे मुलांवरचे खटले चालतात, तिच्यातून मिळालेला पुरावा बाजूला ठेवायला सांगता येतं. शाळेच्या शिस्तीच्या कारवाईत मात्र तो नियम सहसा चालत नाही. म्हणजे बाजू न्यायाची असूनही सस्पेन्शन होऊ शकतं. दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनच्या आधीही मुलाला आरोप सांगणं आणि त्याचं म्हणणं ऐकून घेणं शाळेला भाग आहे, हे १९७५ पासून ठरलेलं आहे. दहा दिवसांच्या वर असेल तर शिक्षण मंडळापुढे रीतसर सुनावणी मिळते. तिथे वकिलाशिवाय जाऊ नका.

आता या आठवड्यात काय करायचं. प्रिन्सिपल आणि सुपरिंटेंडंट दोघांना एकच ईमेल लिहा, एका पानाचा. संशयाचं कारण काय होतं, फोन कोणत्या कारणाने उघडला, त्यातलं काय काय बघितलं, कशाचे फोटो काढून ठेवले का, पोलिसांना काय दिलं, हे लेखी विचारा. जबाबाची आणि शिस्तीच्या नोंदीची प्रत मागा. मुलाच्या शालेय नोंदी बघण्याचा पालकांचा हक्क १९७४ च्या फेडरल कायद्याने दिलेला आहे आणि त्या कायद्यानुसार शाळेला त्यासाठी जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात. कॉरिडॉरचं आणि ऑफिसचं व्हिडिओ चित्रण जपून ठेवा, हेही त्याच ईमेलमध्ये लिहा. ही चित्रणं काही दिवसांनी पुसली जातात, म्हणून ईमेल आजच जाऊ दे. शाळा आणि स्थानिक पोलिस यांच्यात न्यू जर्सीत एक करार असतो, त्याचीही प्रत मागा. पुढेमागे नुकसानभरपाईचा विचार आला तर सार्वजनिक संस्थेला नोटीस द्यायची राज्याची मुदत ९० दिवसांची आहे. शिक्षण आयुक्तांकडे अपील करायचीही मुदत ९० दिवसच. लहान मुलांना पहिल्या मुदतीत सवलत मिळते, पण तिच्यावर विसंबून बसू नका.

भरपाईची आशा फार ठेवू नका, हेही सांगते. सॅफर्डच्या मुलीची बाजू सुप्रीम कोर्टाने उचलून धरली, तरी त्या अधिकाऱ्यांना व्यक्तिशः जबाबदार धरलं नाही, कारण त्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता असं कोर्ट म्हणालं. तुमच्या प्रकरणात मिळवण्यासारखं आहे ते असं: फाइलमधली नोंद काढणं किंवा सौम्य करणं, फोनमधून काढलेली चित्रं नष्ट करून घेणं, आणि फोनबाबत शाळेचा लेखी नियम बदलून घेणं. माझ्या अनुभवात शांत, नेमक्या पत्राने यातलं बरंचसं मिळतं.

काही गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत, पण वाचणाऱ्यांच्या मनात येतील. खासगी शाळेला चौथी दुरुस्ती लागू नाही, तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार बघायचा. लॉकरची तपासणी होऊ शकते असं वर्षाच्या सुरुवातीला लेखी कळवलेलं असेल, तर न्यू जर्सीत प्रिन्सिपल लॉकर उघडू शकतो. शाळेच्या आवारात लावलेल्या विद्यार्थ्याच्या गाडीलाही वाजवी संशयाचाच नियम लागतो, हे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ठरवलं. आणि खेळात किंवा क्लबमध्ये असलेल्या मुलांची संशय नसताना, चिठ्ठ्या टाकून अमली पदार्थांची चाचणी घेण्याला त्याच कोर्टाने २००३ मध्ये मान्यता दिली आहे, ४ विरुद्ध ३ अशा निसटत्या मतांनी.

तुमच्या मिस्टरांच्या भीतीबद्दल. शाळेला पत्र लिहिलं म्हणून कुणाचा व्हिसा जात नाही. नोंदी मागणं हा पालकांचा हक्क आहे, मग ते नागरिक असोत, एच-वनवर असोत, की आणखी कशावर. पण त्यांच्या भीतीत एक खरा धागा आहे, तो मी टाळणार नाही. व्हेपमध्ये निकोटिन होतं की गांजाचं तेल, याने फार फरक पडतो. न्यू जर्सीत २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना गांजा कायदेशीर झाला तरी फेडरल कायद्यात तो बंदच आहे आणि इमिग्रेशन फेडरल कायद्यावर चालतं. ज्युवेनाइल कोर्टाचा निकाल इमिग्रेशनमध्ये सहसा गुन्हा सिद्ध झाल्यासारखा धरत नाहीत, पण स्वतःच्या तोंडाने किंवा हाताने दिलेली कबुली हा वेगळा विषय आहे. म्हणून यापुढे मुलाने शाळेत किंवा पोलिसांकडे एक ओळही तुमच्या वकिलाला विचारल्याशिवाय लिहायची नाही, आणि एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशीही बोलून घ्या. म्हणजे मिस्टर ज्या भीतीने गप्प बसा म्हणतात, त्याच भीतीपोटी तुम्ही आता नीट, लेखी बोलायला हवं.

पुन्हा कधी असं बोलावलं तर मुलाने काय करायचं? हिसकाहिसकी नाही, पळायचं नाही, खोटं बोलायचं नाही. बॅग घेतली तर घेऊ द्यायची. पण तोंडाने, नम्रपणे म्हणायचं: "आय डोन्ट कन्सेंट टू धिस सर्च. प्लीज कॉल माय पेरेंट्स." फोनचा पासकोड द्यायचा नाही. काही लिहून द्यायचं नाही. माझ्या स्वतःच्या मुलीकडून मी ही वाक्यं सातवीत पाठ करून घेतली होती, मोठ्याने म्हणून, कारण घाबरलेल्या मुलाला जे जिभेवर बसलेलं असतं तेवढंच आठवतं.

आणि व्हेपबद्दल त्याच्याशी वेगळं बोला, या प्रकरणापासून बाजूला काढून. शाळेची पद्धत चुकली म्हणजे शाळेची काळजी खोटी ठरत नाही. एकदा ओढून बघितलं, हे त्याने लिहून दिलंच आहे. तो ते तुमच्याजवळ बोलू शकला पाहिजे.

त्याने अजून लिहून काढलं नसेल तर आज रात्री जेवणं झाली की त्याला वही द्या. त्या दिवशी कितव्या तासाला बोलावलं, खोलीत कोण कोण होतं, आधी काय तपासलं, मग काय, कुणी काय शब्द वापरले, घड्याळात किती वाजले होते. मराठीत लिहिलं तरी चालेल, मोडकंतोडकं चालेल. वर "वकिलासाठी" असं लिहून तारीख घाला, शेजारी बसा, पण मध्ये बोलू नका आणि दुरुस्त करू नका. ती वही घेऊन वकिलाकडे जा.